अर्धं तिकीट

वडगावात पहाटेचे साडेचार,
तेव्हा हामामात्सूत आठ वाजलेले असतात.
शेजारी चन्नप्पा होसूरांचा माग खटखटायच्या आत
मला अमेरिका शिकवून संपवायची असते.

माझ्याकडं पासपोर्ट नाही.
पश्चिमेला जास्तीत जास्त गेले ती वास्कोपर्यंत,
तेही मावसबहिणीच्या लग्नाला.

मोरिगुची-सान, वय एकावन्न,
गिअरचे दात तपासण्यात हयात गेली,
आता कंपनी त्यांना केंटकीला धाडणार.
पेन्सिलीला टोक काढून बसतात.
पहिला धडा : हाउझ इट गोइंग.
त्यांनी विचारलं, गुडघा दुखतो,
आईचे डोळे गेलेत,
हे किती वाक्यांत सांगावं?
एकाही नाही, म्हटलं मी.
गुड म्हणायचं आणि चालू पडायचं.
लिहून घेतलं त्यांनी. मग मान वर करून,
"तर मग विचारतात कशाला?"

तेवढ्यात खिडकीखालून दुधाची पिशवी घेऊन चन्नप्पा :
"ऊट आतेन्री, अक्का?"
पहाटे पावणेपाचला, जेवण झालं का म्हणे.
"झालं की हो," म्हटलं मी, रिकाम्या पोटी,
आणि मोरिगुची-सानना म्हटलं,
पुढचा प्रश्न विचारा.

टच बेस, कर्व्हबॉल, आउट ऑफ लेफ्ट फील्ड
मी गाइडातून पाठ केलेलं,
सणाच्या दिवशी न कळणारी आरती म्हणावी तसं.
रेन चेक म्हणजे मला वाटायचं
बँकेतलं काहीतरी असणार.
ते हसले. पहिल्यांदाच दात दिसले.
शाळेत कॅचर होते ते.
उठून, टाय लावलेल्या अवस्थेत,
कॅमेऱ्यापुढं उकिडवे बसून दाखवलं त्यांनी.
पावसानं खेळ थांबला, की तिकिटाचा अर्धा तुकडा
जपून ठेवायचा.
पुढच्या कुठल्यातरी कोरड्या दिवशी तो चालतो.
त्या तासाची फी घ्यायची
मला लाज वाटली. घेतली.

जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, इत्ते किमासु.
म्हणजे?
जातो, आणि येतो.
अगंबाई.
आम्ही नुसतं "जातो" म्हटलं की
आई उंबऱ्यावरून ओरडते, येतो म्हण.
चन्नप्पाही तेच म्हणतात, होगि बर्तीन्री.
"आणि केंटकीत?"
मी गाइड चाळलं.
बाय, म्हटलं.
"फारच छोटं आहे," म्हणाले ते.

आता माझ्या साडेचारला
तिकडं आदल्या संध्याकाळचे सात असतात.
मोरिगुची-सान माझ्या कालमध्ये राहायला गेलेत.
शेजारीण म्हणाली, या एकदा जेवायला, समटाइम.
यांनी बाजारातून बशी आणून ठेवली,
तीन शनिवार इस्त्रीचा शर्ट घालून बसले.
मी कसं सांगू, समटाइम नावाचा वार नसतो?
आमच्याकडंही म्हणतातच की, या की एकदा घरला.
फरक एवढाच,
तुम्ही खरोखर दारात उभे राहिलात
तर चहा ठेवावा लागतो.

आज निरोप आला, दोनच शब्द :
रेन चेक. प्लीज.
मी काही न विचारता ठीक लिहिलं.
लॅपटॉप उघडाच ठेवून बसले.
काहीतरी चुकत होतं.
मग कळलं, मागाचा आवाज नाही.
पाच वाजून गेले. सव्वापाच.

चन्नप्पा पायरीवर बसलेले, हातात पिशवी नाही.
"ऊट आतेन्री?" मी विचारलं, सवयीनं,
पुढं चालू पडण्याच्या बेतानं.
ते म्हणाले, नाही.
नाही, अक्का. सूत आलं नाही चार दिवस,
व्यापारी फोन उचलत नाही,
रात्री काही खाल्लं नाही.

सगळं मराठीत म्हणाले,
मला नीट कळावं म्हणून.

मी आत गेले
आणि आधण ठेवलं.